लागतंच, असावं आणि असलं तर बरं

दिवाळीच्या सुट्टीत आजोबांनी त्यांच्या शाळेची जुनी छापील स्मरणिका माझ्यासमोर ठेवली. पानं हात लावताच तुटत होती. "एवढी कॉम्प्युटरवर उतरवून दे," म्हणाले. मी पानं स्कॅन केली, डेबियन लिनक्सवर 'टेसरॅक्ट' हे अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर टाकलं आणि चालवलं. हाती आलं इंग्रजी अक्षरांचं कडबोळं! दोन दिवस मी स्कॅनरला शिव्या घातल्या. चूक मात्र माझीच होती. पॅकेजची माहिती मी वाचलीच नव्हती.

डेबियनमध्ये प्रत्येक पॅकेज आपल्या गरजा स्वतःच सांगतं. त्यांच्या मुख्य तीन पायऱ्या. आपल्या कोपरगावकरांना साखर कारखान्यावरून त्या लगेच कळतील.

१) डिपेंड्स : म्हणजे ऊस. तो नसेल तर गाळपच नाही. हे पॅकेज नसेल तर मूळ सॉफ्टवेअर बसत नाही.

२) रेकमेंड्स : म्हणजे केनयार्ड. नसलं तरी गाळप होईल, पण ट्रॅक्टरच्या रांगा रस्त्यावर येतील. २००९ च्या डेबियन ५.० पासून 'एपीटी' ही पॅकेजेस आपोआप आणतं. नको असतील तर तसं सांगावं लागतं.

३) सजेस्ट्स : म्हणजे डिस्टिलरी. असली तर मळीचं सोनं होतं, नसली तरी साखर निघते. ही आपोआप येत नाहीत.

आता माझी गंमत बघा. टेसरॅक्टच्या डिपेंड्समध्ये इंग्रजीचं पॅकेज आहे. मराठीचं 'टेसरॅक्ट-ओसीआर-मार' वेगळं, मागितल्याशिवाय न येणारं. आजोबा हसून म्हणाले, "तुझ्या कॉन्व्हेंटसारखंच झालं की! इंग्रजी सक्तीची, मराठी मागाल तर."

मला आधी रागच आला. मग वाटलं, टेसरॅक्टला शंभराहून जास्त भाषा येतात. सगळ्याच सक्तीच्या केल्या तर छोट्या मशीनवर जागा कुठून आणायची? सगळं हवं असणाऱ्यांसाठी 'टेसरॅक्ट-ओसीआर-ऑल' आहेच. म्हणजे मराठी ऐच्छिक ठेवण्यात चूक नाही. पण 'ऐच्छिक' म्हणजे 'बिनकामाचं' असं मी धरून चालले, तिथे फसले. पॅकेज करणाऱ्याला बहुतेकांची गरज कळते, माझ्या आजोबांची नाही. ती मलाच ओळखायला हवी होती.

म्हणून प्रोजेक्टसाठी काही इन्स्टॉल करताना 'एपीटी शो' ही कमांड देऊन या तीन ओळी आधी वाचा. आणि उद्या स्वतः पॅकेज कराल तेव्हा प्रत्येक गोष्ट डिपेंड्समध्ये कोंबू नका. एकच प्रश्न विचारा: हे नसेल तर काम अडेल, की नुसतं अवघड होईल?

मराठीचं पॅकेज टाकलं, कमांडमध्ये भाषा 'मार' दिली. काही जोडाक्षरं चुकली, ती आजोबांनी शेजारी बसून दुरुस्त करून दिली. माझं मराठी शुद्धलेखन अजूनही सजेस्ट्समध्येच आहे ना!