बहात्तर मेळ आणि दहा थाट

डिजिटल इलेक्ट्रॉनिक्समध्ये ट्रुथ टेबल भरताना आपण काय करतो? जेवढी कॉम्बिनेशन्स शक्य आहेत तेवढी सगळी आधी लिहून काढतो, कुठली वापरायची ते नंतर. सतराव्या शतकात तंजावरच्या नायक राजांच्या आश्रयाला असलेल्या व्यंकटमखींनी ‘चतुर्दंडीप्रकाशिका’ या संस्कृत ग्रंथात रागांच्या बाबतीत हेच केलं.

गणित सेकंड इयरच्याही आतलं आहे. सप्तकात बारा जागा. सा आणि प हलत नाहीत. म दोन प्रकारचा. सा आणि म यांच्यामध्ये चार जागा, त्यातल्या कुठल्याही दोन घ्या. खालचा रे, वरचा ग. फोर सी टू म्हणजे ६. प आणि वरचा सा यांच्यामध्ये पुन्हा चार जागा, तिथे ध आणि नि, म्हणजे आणखी ६. म्हणून ६ × ६ × २ = ७२. हे झाले मेळकर्ता, म्हणजे आई-राग. पहिले ३६ शुद्ध मध्यमाचे, पुढचे ३६ तीव्र मध्यमाचे. (यात एक गंमत होते. आपला शुद्ध रे कधी कधी तिकडे ‘ग’ म्हणून बसतो, कारण खालची जागा रेने आधीच अडवलेली असते. आपल्याकडचे गवय्ये हे ऐकून घेणार नाहीत!)

नंबर पाठ करायची गरज नाही, तो नावातच कोड केलेला आहे. कटपयादि पद्धतीत क, ट, प, य या चारही अक्षरांना १ धरायचं आणि तिथून पुढे मोजत जायचं. नावाची पहिली दोन अक्षरं घ्या आणि उलटी वाचा. ‘मायामालवगौळ’ : म ५, य १, उलटे केले की १५. ‘शंकराभरणम्’ हा जुना राग २९ व्या घरात बसला, पण नाव जुळेना. मग पुढे ‘धीर’ लावलं. ध ९, र २. झाले २९! कल्याणीला असंच ‘मेच’ लावून ६५ केलं. चक्क फाइलनेम बदलून सॉर्ट केल्यासारखं.

स्वतः व्यंकटमखींच्या हिशोबाने यातले १९ मेळच तेव्हा वापरात होते. बाकीची घरं रिकामी. मेंडेलीव्हने १८६९ मध्ये टेबलात जागा सोडल्या, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. ही घरं पुढे रचनाकारांनी भरली. त्यागराज (१७६७–१८४७) त्यात सर्वांत मोठे, आणि ते राहत होते ते राज्य मराठ्यांचं होतं. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांच्या वंशाचं. त्याच घराण्यातल्या तुळजाराजांनी (कारकीर्द १७२८–१७३६) ‘संगीतसारामृत’ हा ग्रंथ लिहिला. व्यंकोजींचे वडील शहाजीराजे १६२४ मध्ये आपल्या नगरजवळच्या भातवडीला निजामशाहीच्या बाजूने लढले होते. शाळेत भातवडी शिकलो, तंजावर मात्र आम्हाला कोणी सांगितलं नाही.

आता आपल्याकडे या. वाळकेश्वरला १८६० मध्ये जन्मलेले पंडित विष्णु नारायण भातखंडे पेशाने वकील. १९०४ मध्ये ते दक्षिणेत फिरले, तिथल्या विद्वानांशी बोलले, व्यंकटमखींची पद्धत समजून घेतली. पण बहात्तरही मेळ त्यांनी उचलले नाहीत. उत्तरेत प्रत्यक्ष गातात ते राग बघितले आणि दहा थाट ठेवले : बिलावल, खमाज, काफी, आसावरी, भैरवी, भैरव, कल्याण, मारवा, पूर्वी, तोडी. हे सगळं त्यांनी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’त मराठीत लिहिलं, हे मला फार आवडतं. दहाही थाट बहात्तरांत सापडतात. मात्र नावावर जाऊ नका. आपली तोडी ४५ नंबरची शुभपंतुवराळी, आणि तिकडची हनुमतोडी (८) म्हणजे आपली भैरवी. रूमवर एक केरळचा आणि एक पाथर्डीचा असेल तर यावरून रात्रभर भांडण होऊ शकतं.

खरी अडचण पुढे आहे. आई-रागात सातही स्वर लागतात, पण ‘जन्य’ म्हणजे मुलाच्या रागात काही गाळलेले असतात. आपला भूप आणि तिकडचा मोहनम् यांचे स्वर तेच : सा रे ग प ध. म आणि नि नाहीतच! मग आई कोण? म दोनपैकी कुठलाही, नि दोनपैकी कुठलाही, म्हणजे चार उमेदवार : २८, २९, ६४ आणि ६५. दक्षिणेने २८ दिला, हरिकांभोजी, म्हणजे आपला खमाज. भातखंड्यांनी भूप कल्याणात टाकला, म्हणजे ६५. टेबलाने हे ठरत नाही. गाणारा कुठल्या स्वरावर थांबतो, कुठे जोर देतो, कुठल्या रागाची आठवण होते, यावर ठरतं. एवढं असून मला विचाराल तर टेबल बहात्तरचंच चांगलं. त्यात कुठलंही कॉम्बिनेशन उपरं राहत नाही. दहा थाटांत चारुकेशी (२६) ठेवायला जागाच नाही, आणि तरी आज आपल्याकडे चारुकेशी सर्रास गातात-वाजवतात.

घरचा अभ्यास म्हणून ‘किरवाणी’ घ्या. क आणि र. आधी नंबर काढा, मग स्वर मांडा, आणि तो दहापैकी कुठल्या थाटात बसतो ते शोधा. (बसत नाही. पण शोधा.)