गिऱ्हाइकाचा अभिप्राय छापण्यापूर्वी

खामगावच्या चांदीला बाहेरगावचे गिऱ्हाईक येते ते जाहिरात वाचून कमी आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून जास्त. हीच तोंडची शिफारस आता आपले व्यापारी व कारागीर बंधू पत्रकावर, फलकावर आणि मोबाईलवर झळकवू लागले आहेत. छापायला हरकत नाही. मात्र छापलेली शिफारस कायद्याच्या नजरेत जाहिरात ठरते.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये शिफारशीची व्याख्या ऐसपैस आहे. एखाद्याचे नाव, सही किंवा छायाचित्र, एखाद्या संस्थेचा शिक्का, ज्यावरून हा त्यांचा अनुभव आहे असे ग्राहकाला वाटेल, ते सारे तीत येते. म्हणजे सिनेनट आणि क्रिकेटपटूच नव्हेत, तर चिखलीच्या शेतकऱ्याने तुमच्या वखराच्या पासेची केलेली तारीफसुद्धा. जाहिरात खोटी वा दिशाभूल करणारी ठरली तर केंद्रीय प्राधिकरण ती बंद करायला लावू शकते. माल बनवणाऱ्याला 10 लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तेच केल्यास 50 लाखांपर्यंत दंड करू शकते.

जून 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनी आणखी स्पष्ट केले आहे की, मत खरे असावे, अलीकडचे असावे आणि वस्तूच्या माहितीवर वा अनुभवावर आधारलेले असावे. दहा वर्षांपूर्वीचे कौतुक आजच्या मालाला लावणे यात बसत नाही. मेहुण्याचे पत्र ‘एक समाधानी ग्राहक’ म्हणून छापणे तर मुळीच नाही. सवलत देऊन अभिप्राय घेतला असेल किंवा नाते असेल, तर तसे सोबत छापावे लागते. आणि गिऱ्हाईक ‘चांदी शंभर टक्के शुद्ध’ म्हणाले म्हणून ती तशी सिद्ध होत नाही. शुद्धतेचा पुरावा हॉलमार्क किंवा तपासणीचा दाखला. तो नसेल तर ते वाक्य गाळून घडणावळीचे कौतुक तेवढे ठेवावे.

आता परवानगीचे. सर्वोच्च न्यायालयाने 1994 साली राजगोपाल खटल्यात म्हटले की, संमतीवाचून कुणाचे नाव वा चेहरा जाहिरातीत वापरणे हा त्याच्या खासगीपणाचा भंग आहे. लग्नाच्या दागिन्यांसह वधूचे छायाचित्र दुकानात लावणारे हे विसरतात. दुकानाची ओळख कितीही जुनी असो, दोन ओळींचा कागद करावा: मजकूर कोणता, तो कुठे छापणार, मोबदला दिला की नाही, सही आणि तारीख. आपल्याकडे अनेकदा गिऱ्हाईक उर्दूत लिहून देते किंवा वऱ्हाडीत बोलते. मराठी मजकूर केल्यावर त्याला वाचून दाखवावा, मूळ कागद बिलाच्या प्रतीसोबत जपून ठेवावा. वाक्य लहान करता येते, पण ‘टिकाऊ आहे, जरा जड आहे’ यातला दुसरा अर्धा कापला की अर्थ बदलतो.

औषध विकणाऱ्यांची गोष्ट निराळी. 1954 चा आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा मधुमेह, लकवा, मिरगी यांसारख्या ठरावीक रोगांवरील औषधांची जाहिरातच मना करतो. ‘मला गुण आला’ हे रुग्णाचे पत्र खरे असले तरी. युनानी औषधांनाही तो लागू आहे. जाहिरातीत त्याने पत्रक, वेष्टन आणि तोंडी पुकाराही धरला आहे. सैलानीच्या यात्रेत भोंग्यावरून रुग्णांची नावे पुकारणे त्यातच मोडते.