चंद्राच्या कला आणि आपली जाणीव

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, मार्गशीर्ष पौर्णिमेला आपण दत्तजन्माचा पाळणा म्हणतो. त्या रात्रीचा पूर्ण चंद्र हा अवधूतांचा एक गुरू आहे, हे आपल्याला माहीत असेलच. श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले २४ गुरू सांगतात. त्यांत चंद्र सहावा आणि सूर्य सातवा. याच स्कंधावर नाथमहाराजांनी 'एकनाथी भागवत' लिहिले. या दोन गुरूंना धरून एक जुना प्रश्न पाहू. 'मी आहे' ही जी आपल्याला जाणीव आहे, तिच्यावरून आत्मा आणि देव सिद्ध होतात का?

आधी विरुद्ध बाजू नीट ऐकू. चार्वाक म्हणत, धान्य आंबवले की त्यात मादकता येते, तसे पृथ्वी, आप, तेज, वायू एकत्र आले की चैतन्य उपजते. देह गेला की तेही गेले. आजचे मेंदूशास्त्रही साधारण याच दिशेने पाहते आणि त्यात तथ्य आहे. ऑपरेशनला भूल दिली की जाणीव मावळते, मेंदूला मार लागला तर स्वभावसुद्धा बदलतो. हे नाकारण्यात काही अर्थ नाही. पण मेंदूतल्या हालचालींतून 'मला दुखतंय' हा अनुभव होतो कसा? मेंदूशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ कॉख यांनी १९९८ साली तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांच्याशी पैज लावली, की २५ वर्षांत मेंदूतली जाणिवेची स्पष्ट खूण सापडेल. २०२३ साली त्यांनी सर्वांसमक्ष हार मान्य केली. त्यामुळे आत्मा सिद्ध झाला असे मुळीच नाही. प्रश्न अजून उघडा आहे, एवढेच.

माझी नोकरी बँकेत झाली, म्हणून तिथलाच दाखला देतो. लेजरमध्ये प्रत्येक नोंद असते, पण शिल्लक किती हे लेजरला कळत नाही. कळते ते वाचणाऱ्याला. पुढे कॉम्प्युटर आला. तो क्षणात बेरीज देतो, पण हिशेब जुळल्याचा आनंद त्याला नाही, तो संध्याकाळी आम्हालाच व्हायचा. आठवणी, विचार, सुखदुःखे या तशाच मनातल्या नोंदी. त्या येतात-जातात हे ज्याला कळते, त्याला वेदान्त 'साक्षी' म्हणतो. गाढ झोपेतून उठल्यावर आपण म्हणतो, "छान झोप लागली, काही कळलंच नाही." आता काही कळले नाही, हे तरी कोणाला कळले?

हा प्रश्न नुसता पोथीतला नाही, बरं का. आपल्या वयाच्या कितीतरी घरांत कुणाला तरी विस्मरणाचा आजार असतो. पन्नास वर्षे संसार केलेले माणूस एक दिवस आपल्याच जोडीदाराला विचारते, "तुम्ही कोण?" सेवा करणाऱ्याच्या मनात येते, यांच्यातला आत्मा आता उरला कुठे? इथे सहावा गुरू धीर देतो. वाढतात आणि घटतात त्या कला, चंद्र नव्हे. अमावास्येला तो दिसत नाही, पण नाहीसा होत नाही. स्मरणशक्ती ही कला आहे, साक्षी हा चंद्र.

आत्म्यापासून देवापर्यंत मात्र आणखी एक पायरी आहे. सांख्यांनी चैतन्यरूप पुरुष मानला, तोही प्रत्येकाचा वेगळा, पण ईश्वर मानण्याची त्यांना गरज वाटली नाही. तिथे सातवा गुरू पुढे येतो. अंगणात दहा भांडी पाण्याने भरून ठेवली तर दहा सूर्य दिसतात, वर मात्र एकच असतो. तुमच्यातला आणि माझ्यातला साक्षी एकच, तोच दत्त, ही आपली श्रद्धा आहे.

हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर जाणीव हे देवाचे पक्के व्हाउचर नव्हे. ती खूण आहे. खुणेवरून वाट धरायची, ती नामस्मरणाने आणि सेवेने. म्हणून घरातल्या अशा आजारी माणसाला भरवताना नेहमीच्याच नावाने हाक मारा. त्याच्या देखत "यांना आता काही कळत नाही" असे कधीही म्हणू नका. ऐकणारा आत आहे, असे समजूनच बोला.

॥ अवधूतचिंतन श्री गुरुदेव दत्त ॥