भिडू जमवताना

चि. सोनू,



जर्मनीतल्या एसेनच्या श्पील या पटावरच्या खेळांच्या मेळ्यात ‘तिकीट टू राइड’ या रेल्वेच्या खेळाच्या चाहत्यांची एक संध्याकाळ जमवायची आणि तू काढलेल्या कोकण रेल्वेच्या नकाशावर डाव मांडायचा, हा तुझा बेत दादाकडून कळला. मला तो फार आवडला. ‘आपण कोण लागून गेलो, तिथे मोठमोठ्या कंपन्या असतात,’ असं तू म्हणालास म्हणे. ते मनातून काढून टाक. हा मेळाच १९८३ साली एसेनच्या प्रौढ शिक्षण केंद्रात खेळणाऱ्या लोकांनी एकत्र यावं म्हणून भरला होता. २०२४ साली तिथे दोन लाखांवर माणसं आली, पण मूळ ते आहे. आणि या खेळाचा भारताचा अधिकृत नकाशा, २०११ साली आलेला, तोही नकाशांच्या खुल्या स्पर्धेतून पुढे आला. घरी बसून पट रेखाटणारा माणूस तिथे उपरा नसतो.

आधी जागेचं बोलते, कारण बहुतेक बेत तिथेच फसतात. एसेनचा मेळा आज मुख्यतः प्रदर्शन आणि विक्रीचा. दालनातली टेबलं ज्या त्या प्रकाशकाची असतात आणि ती त्याच्याच खेळांसाठी मांडलेली असतात. लोक नवा खेळ विकत घेतात आणि भिंतीशी जमिनीवर बसून तिथेच उघडतात, हे तू पाहशील. दोघातिघांना ते जमतं. बारा जणांची बैठक तशी वाटेत मांडू नकोस, येणाऱ्याजाणाऱ्यांची अडचण होते आणि पहारेकरी उठवतात. दालनं संध्याकाळी सातला बंद होतात. त्यानंतरची वेळ धर आणि जागा बाहेर बघ. यू ११ या भुयारी गाडीने रूटेनशायडर श्टेर्नला उतरलास की आसपास खाण्यापिण्याची पुष्कळ ठिकाणं आहेत, मेळ्यापासून चालतही येता येतं. मात्र मेळ्याच्या दिवसांत ती भरलेली असतात, म्हणून आतापासून टेबलं राखून ठेव. राखताना स्पष्ट सांग की आम्ही दोन-अडीच तास बसणार, पट मांडणार, प्रत्येक जण काहीतरी मागवणार आणि आपापलं बिल देणार. मालक कबूल झाला तर ठीक, कां-कूं करू लागला तर दुसरी जागा बघ. नाराज मालकाच्या टेबलावर खेळ रंगत नाही.

दिवस शुक्रवारचा धर. गुरुवारी लोक खरेदीच्या घाईत असतात, शनिवारी गर्दीने थकलेले, आणि रविवारी सगळ्यांना परतीची गाडी गाठायची असते. वेळ पावणेआठची ठेव, म्हणजे सामान घेऊन, पावसातून चालत येणाऱ्यालाही सवड मिळेल. सामान म्हणजे मोठमोठ्या पिशव्या बरं का. त्या ठेवायला एक कोपरा आधीच मोकळा करून घे. दहाला संपव. तुला स्वतःला आरई १ गाडीने आखेनपर्यंत जायचं आहे, पावणेदोन-दोन तासांचा प्रवास आहे, हे विसरू नकोस.

आमंत्रण लिहिताना जर्मन लोकांसाठी ‘त्सुग उम त्सुग’ हे नावही घाल, इथे खेळ त्याच नावाने विकला जातो. मेळ्याचं चिन्ह वापरू नकोस, प्रकाशकाचंही नको. ही चाहत्यांनी आपल्या हौसेने जमवलेली बैठक आहे, असं एका वाक्यात लिही. नकाशाच्या प्रती विकू नकोस. खेळाच्या कल्पनेवर कोणाचा हक्क नसला तरी नाव, चित्रं आणि छापील मजकूर यांवर असतो. तुझं चित्र तूच काढलेलं असू दे आणि ज्याला हवं त्याला फुकट दे. तीन टेबलं, प्रत्येकी चार जण, एवढंच ठरव. खेळात पाच बसतात, पण नवख्या पटावर पाच जणांचा डाव लांबतो. तेराव्या-चौदाव्या माणसासाठी ‘लव्ह लेटर’ हा पत्त्यांचा खेळ जवळ ठेव. मोजकेच पत्ते, खिशात मावतात, आणि वाट पाहणाऱ्याचा वेळ चांगला जातो.

आता मला खरं जे सांगायचं आहे ते. त्या संध्याकाळी तू स्वतः खेळू नकोस. तुला हे जड जाईल, नकाशा तुझा आहे आणि त्यावर पहिली गाडी आपण लावावी असं वाटणारच. पण पंगतीत यजमान वाढायला उभा असतो, बसत नाही. दाराशी उभा राहा, हातात कोकण रेल्वेचं चित्र असलेला फलक धर, म्हणजे शोधणाऱ्याला तू सापडशील. अशा बैठकीला दोन-तीन जण तरी एकटे येतात. दारात थबकतात, टेबलांकडे बघतात, सगळे आधीपासूनचे ओळखीचे आहेत असं समजतात आणि परत फिरतात. त्या माणसाकडे तू स्वतः गेलं पाहिजेस. नाव विचार, खुर्ची ओढून दे, शेजारच्या भिडूशी ओळख करून दे. ही संध्याकाळ कशी झाली ते मी त्याच माणसावरून ठरवीन.

आणि आपल्या मुलांचं सांगते. आखेनहून तुझे चार-पाच मराठी मित्र येणार. ते एका टेबलाला बसले की मराठी सुरू होईल, हशा होईल, आणि शेजारी बसलेली पोलंडची किंवा इटलीची पोरगी मुकाट्याने पत्ते बघत राहील. हे मी जर्मनीतल्या आपल्या मंडळींत वारंवार पाहते आणि मला त्याचं वाईट वाटतं. आपण उभ्या जगाला ‘या, बसा’ म्हणणारी माणसं, पण बसल्यावर आपल्यातच रमतो. त्यांना आधीच सांगून तिन्ही टेबलांवर वाटून बसव. नियम सांगायचं कामही त्यांच्यावर सोपव.

नियम सांगणं पाच मिनिटांत उरकलं पाहिजे. आधी जिंकायचं कसं ते सांगायचं: तिकिटावरची दोन गावं आपल्या गाड्यांनी जोडायची. मग पाळी आली की तीनपैकी एकच गोष्ट करायची: पत्ते उचलायचे, मार्ग बांधायचा किंवा नवी तिकिटं घ्यायची. बाकीचं खेळता खेळता. ‘तू इथे लाव ना’ असं कोणीही कोणाला सुचवायचं नाही, विशेषतः शिकवणाऱ्याने.

नकाशाबद्दल दोन शब्द. दादाने पाठवलेला फोटो मी नीट पाहिला. रोह्यापासून ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटरचा एकच पट्टा किनाऱ्याने उतरतो, आणि तिथेच मला धोका दिसतो. कणकवली ते सावंतवाडी कोणी बांधून टाकलं की दुसऱ्याला खाली जायला वाट कुठे? कोल्हापूरहून वैभववाडीला उतरणारा मार्ग तू घातला आहेस, तो प्रत्यक्षात अजून कागदावरच आहे. तरी राहू दे, डावाला त्याची गरज आहे. कॅसलरॉकवरून कुळ्याला येणारा घाट मात्र दुहेरी कर. करबुड्याच्या साडेसहा किलोमीटर बोगद्याला युरोपच्या पटातला बोगद्याचा नियम लावलास, म्हणजे वरचे तीन पत्ते उलटायचे आणि तोच रंग निघाला तर तितके पत्ते जास्त भरायचे. हे फार छान सुचलं तुला. तो डोंगर पोखरायला किती जड गेला असेल ते अशाने खेळणाऱ्याच्या हाताला कळतं.

एक उणीव आहे. मूळ खेळात प्रत्येक तिकिटावर छोटा नकाशा आणि त्यावर ती दोन गावं असतात. तुझ्या तिकिटांवर नुसती नावं आहेत. कुडाळ कुठे ते तुला माहीत आहे, लिस्बनच्या माणसाला नाही. तसा नकाशा तिकिटांवरही काढून घे. मार्गांच्या रंगांबरोबर खुणाही छाप, कित्येकांना लाल-हिरवं सारखंच दिसतं. कागद चकचकीत नको, दिव्याखाली नावं वाचता येत नाहीत.

खेळून झाल्यावर कोऱ्या चिठ्ठ्या वाट आणि पटाबद्दल काय वाटलं ते लिहायला सांग. कोणी तोंडावर म्हणालं की हा मार्ग निरुपयोगी आहे, तर ‘कसा?’ एवढंच विचार आणि ऐकून घे. समर्थन करू लागलास की तो गप्प होईल आणि तुझं नुकसान होईल. फोटो विचारल्याशिवाय काढू नकोस, इथे लोक याबाबत काटेकोर असतात. कोणाचा फोन नंबर परस्पर गटात टाकू नकोस. उठायच्या आधी प्रत्येक रंगाचे ४५ डबे मोजून पिशवीत भर. त्यातला एक संच मागून आणलेला आहे ना?

तिघेच आले तर तिघांचा डाव ठरल्या वेळी मांड. पण तिघांच्या डावात दुहेरी मार्गांपैकी एकच वापरता येतो, तेव्हा घाटांत कोंडी होते का ते आधी घरी खेळून बघ. शक्य तर येत्या रविवारी नकाशा घेऊन ड्यूसेलडॉर्फला ये. मी, तुझे काका आणि तू, तिघं होतोच.

तुझी,
आत्या