वर्गखोली आणि आपलं काम



कामाच्या जागेचा कामावर परिणाम होतो असं म्हटलं की डोळ्यांसमोर एसीचं ऑफिस येतं. पण आपलं ऑफिस म्हणजे वर्गखोली. तिथे आपण काम करतो आणि मुलंही.

फेब्रुवारी संपत आला होता, सकाळची शाळा सुरू व्हायला वेळ होता. नंदुरबारचं ऊन तुम्हाला ठाऊक आहेच, त्यात वर्गाला पत्र्याचं छत. तिसरीतला एक मुलगा दुपारच्या तासाला पेंगायचा, हातच्याची वजाबाकी हमखास चुकायची. मी वर्णनात्मक नोंदीत 'लक्ष देत नाही' असं लिहून मोकळी झाले. एकदा सहज त्याच्याच जागेवर बसून वह्या तपासायला घेतल्या. पश्चिमेची खिडकी, ऊन थेट पाठीवर, डोक्यावर तापलेला पत्रा. थोड्याच वेळात माझीच गुणांची बेरीज चुकली!

असं का होतं?

१) उष्णता : आपल्या शरीराचं तापमान साधारण ३७ अंश सेल्सिअस असतं. ते टिकवण्यासाठी घाम येतो, त्वचेकडे जास्त रक्त जातं. पाणी कमी पडलं की थकवा येतो, डोकं दुखतं. मग वजाबाकीत लक्ष कसं लागणार?

२) हवा : १९४८ च्या कारखाना अधिनियमात नव्या कारखान्यासाठी दर कामगारामागे किमान १४.२ घनमीटर जागा सांगितली होती. आता आपला वर्ग मोजू. ७ मीटर लांब, ६ मीटर रुंद, ३ मीटर उंच खोली म्हणजे १२६ घनमीटर. त्यात ३० मुलं बसली तर प्रत्येकी ४.२ घनमीटर. मुलं कामगार नाहीत, पण एवढ्या जागेत खिडक्या बंद ठेवल्या तर हवा कोंदट होणारच.

३) उजेड : उजव्या हाताने लिहिणाऱ्याला उजेड डावीकडून हवा, नाहीतर हाताची सावली वहीवर पडते. डावखुऱ्याचं उलट. फळा चमकत असेल तर कडेच्या मुलांना अक्षरं दिसत नाहीत.

आपण काय करू शकतो?

• समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवा. गरम हवा वर जाते, म्हणून वरचे झरोके बुजवू नका.
• उन्हाळ्याआधी पत्र्यावर चुन्याचा पांढरा हात द्या.
• गणित पहिल्या तासांना, गाणी-गोष्टी दुपारी घ्या.
• जागा दर आठवड्याला बदला. पाणी प्यायची सुट्टी द्या.

सातपुड्यातल्या पाड्यांवर कुडाच्या भिंतींची, कौलारू घरं आपण पाहतो. कुडातून वारा खेळतो. आपली मुलं अशा घरातून येऊन पत्र्याखाली बसतात, हेही लक्षात घ्यायला हवं.

आणखी एक गोष्ट. १९२४ पासून अमेरिकेत शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात उजेड कमी-जास्त करून काम कसं बदलतं ते पाहिलं गेलं. उजेड कमी केल्यावरही काम लगेच घटलं नाही. आपल्याकडे कोणीतरी लक्ष देतंय, याचाही तो परिणाम असावा, असा अर्थ पुढे अनेकांनी काढला. म्हणून खिडकी उघडताना "गरम होतंय का रे?" एवढं विचारायलाही विसरू नका.

त्या मुलाची जागा बदलली. वजाबाकी अजूनही कधीकधी चुकते, पण तो पेंगत नाही. नोंदीतली ती ओळ मी खोडली.

उद्या वर्गातल्या शेवटच्या बाकावर दहा मिनिटं बसून पाहा. पालकांनो, घरी मूल अभ्यासाला कुठे बसतं, तिथे तुम्हीही एकदा बसा.