मीटर लागला म्हणजे काम संपलं नव्हे

चिपळूण

चि. निखिल यास,


तू नोकरी सोडून रत्नागिरीत सोलर बसवण्याचा स्वतःचा धंदा सुरू केलास आणि पहिली कामं हातात आलीसुद्धा, हे ताईकडून कळलं. फार बरं वाटलं. विजेतलं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, त्यात मी बोलणार नाही. पण मी जन्मभर छपरांचीच कामं केली आहेत. कौलं, पत्रे, शेड, स्लॅबची गळती यांतच माझी वर्षं गेली. तुझी पॅनेलं ज्याच्यावर बसणार, त्या छपराबद्दल चार गोष्टी सांगाव्यात म्हणून हे पत्र.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली आणि तीन किलोवॅटला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागलं, तेव्हापासून गावोगाव पॅनेलं चढताहेत. चांगलंच आहे. पण काम कसं चालतं ते तूही पाहतोस. स्ट्रक्चर उभं राहिलं, पॅनेलं बसली, महावितरणचा नेट मीटर लागला, अनुदान खात्यात आलं, की सगळे मोकळे. ठेकेदाराचा हिशोब जिथे संपतो, तिथे छपराचा सुरू होतो. पॅनेलच्या उत्पादनाची हमी २५ वर्षांची असते, म्हणजे आपल्याकडचे २५ पावसाळे, आणि तेही वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळणारे. म्हणून माझं पहिलं आणि मुख्य सांगणं हे, की प्रत्येक कामाचे शेवटचे दोन दिवस छपरासाठी राखून ठेव. अंदाजपत्रकातही ते धर, वेळापत्रकातही धर. घाई झाली तर दुसरीकडे कर, इथे नको.

आता एकेक छप्पर घेऊ.

स्लॅबवर काम असेल तर ड्रिल मशीन बाहेर काढण्याआधी खाली घरात जा आणि छताकडे बघ. ओल आहे का, पोपडे सुटलेत का, सळीचा गंज दिसतोय का? असेल तर मालकाला स्पष्ट सांग, की आधी वॉटरप्रूफिंग, मग सोलर. एकदा पॅनेलं चढली की खालची दुरुस्ती दुप्पट महाग पडते. वरून मारलेला लेप पाच-दहा वर्षांनी पुन्हा मारावा लागतोच, पॅनेलं मात्र जागची हलत नाहीत. म्हणून पाय इतके उंच ठेव, की खाली माणूस बसून झाडू मारू शकेल, लेप देऊ शकेल. पॅरापेटच्या कडेलाही चालण्यापुरती वाट सोड. वाऱ्याचा जोर कडेला आणि कोपऱ्यात सर्वांत जास्त असतो, त्यामुळे ती सोडलेली जागा दोन्ही कामांना येते.

घरगुती स्लॅब चार-पाच इंचांचा असतो, वर ब्रिकबॅट कोबा. त्यात मनाला येईल तिथे अँकर ठोकला तर कोब्याचं वॉटरप्रूफिंग तिथेच फुटतं आणि पाणी आत शिरून भलत्याच खोलीत उतरतं. शक्यतो भोक पाडूच नकोस. कोबा घासून स्वच्छ कर, बाँडिंगचं द्रव्य लाव आणि त्यावर काँक्रीटचे ठोकळे ओत. त्यांचं वजन आणि जागा इंजिनिअरकडून काढून घे, नुसत्या नजरेच्या अंदाजावर सोडू नकोस. ठोकळ्याचा माथा सपाट ठेवू नये, चारही बाजूंना थोडा उतार द्यावा, म्हणजे बेसप्लेटच्या कडेला पाणी उभं राहत नाही. ठोकळा जिथे कोब्याला टेकतो तिथे गवंड्याकडून गोल वाटा मारून घे आणि त्यावरून लेप वर चढव. काटकोनी कोपऱ्यात लेप पहिल्यांदा फाटतो. आणि ठोकळ्यांची रांग स्लॅबच्या उताराला आडवी येऊन पाणी अडवत नाही ना, हे सिमेंट कालवण्याआधी बादलीभर पाणी ओतून बघ.

भोक पाडावंच लागलं तर रासायनिक अँकर वापर. तेव्हा भोकातली धूळ काढल्याशिवाय रसायन भरू नकोस. ब्रशने घासायचं, पंपाने फुंकायचं, पुन्हा ब्रश, पुन्हा पंप. धूळ राहिली तर रसायन धुळीला चिकटतं, काँक्रीटला नाही. जांभ्याच्या चिऱ्यात एक्स्पान्शन बोल्टवर भिस्त ठेवू नकोस. चिरा सच्छिद्र असतो, बोल्ट फुगला की तो आतून भुगा होतो.

पत्र्याचं काम आपल्याकडे सर्वांत जास्त येईल, कारण गळक्या स्लॅबवर शेड टाकायची रीतच पडली आहे. इथे तीन गोष्टी डोळ्यांत तेल घालून बघ. स्क्रू नेहमी पत्र्याच्या उंचवट्यावर घ्यायचा, पाणी वाहतं त्या खळग्यात कधीच नाही, आणि तो खालच्या पर्लिनमध्ये रुतला पाहिजे. नुसत्या पत्र्यात घेतलेला स्क्रू वाऱ्याने हलून हलून स्वतःचंच भोक मोठं करतो. दुसरं, वायसर ईपीडीएम रबराचा आणि धातूच्या चकतीला चिकटवलेलाच घे. साधं काळं रबर कोकणच्या उन्हात दोन-तीन वर्षांत तडकतं. तिसरं, किती आवळायचं ते. वायसर चकतीच्या कडेपर्यंत नीट बसला आणि किंचित दबला, की थांब. रबर चकतीबाहेर फुगून आलं तर ते जास्त आवळलं गेलं आणि लवकर फाटणार. वायसर हाताने फिरला तर कमी आवळलं, पाणी आत्ताच जाणार. तिरपा गेलेला स्क्रू कितीही आवळला तरी एका बाजूने उघडाच राहतो. तो काढ, मोठ्या मापाचा सरळ घे. हे पोरांना तोंडी सांगून भागत नाही, एक स्क्रू स्वतः घेऊन दाखव.

आणि भोकं पाडून झाली की पत्र्यावर पडलेला लोखंडाचा कीस मऊ झाडूने त्याच दिवशी काढ. रात्रीचं दव पडलं तरी तो गंजतो आणि त्याचा गंज रंगीत पत्र्याचा लेप खातो. ग्राइंडरच्या ठिणग्याही तसंच करतात, म्हणून पाइप कापायचे ते खाली अंगणात, वर नाही.

मंगलोरी कौलांवर कौलाला भोक पाडून पट्टी बसवायची पद्धत दिसते. ती तू करू नकोस. कौल काढ, हूक वाशाला पक्का कर आणि तो कौलांच्या सांध्यातून बाहेर काढ. हुकावर पत्र्याची पट्टी द्यायची ती वरच्या कौलाखाली आणि खालच्या कौलावर यायला हवी, म्हणजे पाणी आपसूक उतरत जातं. हुकाचं वजन कौलावर टेकलं तर कौल फुटणार, बोटभर फट राहू दे. वासे वाळवीने पोखरलेत का हे पेचकस टोचून बघ. सिमेंटच्या पत्र्यावर तर पाय देऊच नकोस, पोरांनाही देऊ देऊ नकोस. फळी टाकून आणि पट्टा बांधूनच चढायचं.

या सगळ्याच्या मुळाशी एकच तत्त्व आहे. पाणी आधी आकाराने वळवायचं, चिकटवण्याचा मसाला त्यानंतर. उतार, एकावर एक चढलेली पट्टी, खाली तोंड केलेला पाइप ही खरी राखण. सीलंट हा तिचा जोडीदार, तिच्या जागी बसणारा नव्हे. शिवाय सीलंटही बघून घे. उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन जस्ताच्या लेपाला आणि काँक्रीटला चालत नाही. न्यूट्रल सिलिकॉन किंवा पॉलियुरेथेन घे, आणि ओल्या, धुळकट जागेवर लावू नकोस.

काही मालक सांगतील, पॅनेलखाली गाडी लावायची आहे, मधल्या फटी सिलिकॉनने बुजवून टाका. बुजवू नकोस. सव्वादोन मीटरची अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम चाळीस अंशांच्या फरकाने दोन मिलिमीटर लांब-आखूड होते, आणि मे महिन्यातली दुपार ते जूनमधली सर एवढ्यात तेवढा फरक सहज पडतो. सिलिकॉन फाटतं आणि पाणी नको तिथे ठिबकतं. फटीखाली पन्हळ दे आणि ती खालच्या पाइपला जोड. फ्रेमच्या खालच्या अंगाला निचऱ्याची बारीक भोकं असतात, ती तर चुकूनही बुजवू नयेत.

आता वारा. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळाने श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागात किती छपरं उडाली ते आपण सगळ्यांनी पाहिलं. वाऱ्याच्या भाराच्या आयएस ८७५ या मानकात मुंबईसाठी सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर वेग धरला आहे. त्या वेगाला मूळ दाब निघतो चौरस मीटरला ११५ किलोच्या वर, आणि तेवढ्या जागेतल्या पॅनेलचं स्वतःचं वजन असतं ११-१२ किलो. म्हणजे वजनावर पॅनेल टिकत नाही, क्लॅम्पवर टिकतं. दक्षिणेकडे तोंड केलेल्या पॅनेलला नेहमीचा पावसाळी वारा बहुधा पुढून किंवा बाजूने लागतो. वादळाचा वारा मात्र दिशा बदलतो, मागून खाली शिरतो आणि उचलतो. म्हणून क्लॅम्प कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या जागीच बसव, टॉर्क पान्याने आवळ आणि आवळलेल्या प्रत्येक नटावर रंगाची आडवी रेघ मार. पुढच्या वर्षी रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय हे खालूनही कळतं.

समुद्राजवळच्या घरांत खारी हवा तुझी परीक्षा घेईल. बाजारात मिळणाऱ्या तयार जीपी पाइपवर जस्त फार पातळ असतं. १२० ग्रॅमच्या लेपात एका बाजूला आठ-नऊ मायक्रॉनच येतात. काम तयार करून मग हॉट डिप केलं, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवलं, तर ८० मायक्रॉनच्या आसपास मिळतात. किंमत जास्त पडते, पण ती मालकाला समजावून सांग. कापलेल्या टोकांना आणि वेल्डिंगला घासून, पुसून जस्ताचा रंग दोन हात दे. पोकळ खांबांना वर टोपी आणि तळाशी निचऱ्याचं भोक हवं, नाहीतर खांब आतून सडतो आणि बाहेरून चकचकीत दिसतो. नटबोल्ट स्टेनलेसचे घे, किनाऱ्यालगत ३१६ ग्रेडचे. अर्थिंगची तांब्याची तार अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमला थेट लावू नकोस. खारट ओलीत तांबं अ‍ॅल्युमिनियमला खातं. कल्हई केलेला लग आणि योग्य वायसर मध्ये घाल. आणि हे लक्षात ठेव, की गंज आधी पॅनेलच्या खालच्या अंगाला येतो, कारण वरचं मीठ पाऊस धुतो, खालचं तसंच राहतं. मालकाला सांग, उन्हाळ्यात अधूनमधून खालूनही गोड्या पाण्याचा पाइप मारा.

वायरीचं थोडक्यात सांगतो. एमसी४ जोड स्लॅबवर लोळत ठेवू नकोस, ते साचलेल्या पाण्यात पडून राहतात. फ्रेमला बांध. नर-मादी जोड एकाच कंपनीचे घे, दोन कंपन्यांचे जुळवलेले जोड तापतात आणि आग लागते. वायर घरात शिरण्याआधी खाली झोल दे, म्हणजे पाणी तिथे ठिबकेल, भिंतीत जाणार नाही. भिंतीतलं भोक आतून बाहेर उतरतं पाड. स्लॅबमधून वायर कधीच खाली नेऊ नकोस, पॅरापेटवरून उलट्या यू आकाराच्या पाइपने ने. ग्लँडचं तोंड नेहमी खाली. झड वरून येत नाही, आडवी येते आणि वळचणीखालीही पोचते, हे इन्व्हर्टरची जागा ठरवताना आठव.

शेवटच्या दोन दिवसांत काय करायचं ते आता नेमकं सांगतो. पहिल्या दिवशी नळीने पाण्याची चाचणी घे. सुरुवात खालच्या कडेपासून कर, एकेका भागावर पंधरा-वीस मिनिटं पाणी सोड, मग वर सरक. वरून सुरू केलंस तर गळती नेमकी कुठली ते कळणार नाही. तेवढा वेळ एक माणूस बॅटरी घेऊन खाली घरात उभा पाहिजे. कोब्याला हात लावला असेल तर निचऱ्याची तोंडं बांधून एक दिवस पाणी साठवून ठेव. दुसऱ्या दिवशी प्रत्येक भोकाचा, ठोकळ्याचा, जोडाचा फोटो काढ आणि कुठे काय वापरलं याचा एक कागद मालकाच्या हाती दे. पुढे दुसऱ्या कोणाला दुरुस्ती करावी लागली तर त्याला आंधळेपणाने फोडावं लागू नये.

तू दर सांगशील तेव्हा कोणीतरी तुझ्यापेक्षा कमी सांगणारच. काही कामं जातील. जाऊ देत. पण छपराचा खर्च एकूण किमतीत लपवू नकोस, वेगळ्या ओळीत लिही: वॉटरप्रूफिंग, हॉट डिप, चाचणी. आपल्याकडे माणसं छपराच्या बाबतीत अडाणी नाहीत. प्रत्येकाने रात्री उठून गळतीखाली भांडी मांडलेली आहेत. कशाचे पैसे देतोय हे समजलं की बरीचशी देतात.

योजनेत पाच वर्षांची देखभाल तुझ्यावर आहेच. त्याहून एक गोष्ट माझ्यासाठी म्हणून कर. पहिल्या जोराच्या पावसानंतर आठ दिवसांच्या आत, कोणी बोलावलं नसलं तरी, त्या वर्षी केलेल्या प्रत्येक घरी स्वतः जा. वर चढण्याआधी घरातलं छत बघ आणि घरच्या बाईंना विचार, कारण ओल पहिल्यांदा त्यांच्याच लक्षात येते. त्या भेटीत जे दिसेल ते लगेच दुरुस्त कर आणि पुढच्या घरी ते सुरुवातीपासून नीट कर. धंदा जाहिरातीने सुरू होईलही, पण तो टिकेल या भेटींवर.

ताईला नमस्कार सांग. तब्येतीला जप, उन्हात टोपीशिवाय वर चढू नकोस.

तुझा,
मामा