खेळासाठी पहिला संगणक : सुट्या भागांची निवड

जबलपूर शहरातील अनेक वस्त्यांची नावे तलावांवरून पडलेली आहेत. राणीताल राणी दुर्गावतीने, आधारताल तिच्या मंत्र्याने आणि चेरीताल तिच्या दासीने बांधविला, असे तेथील परंपरा सांगते. चेरीताल ही आज दाट वस्ती आहे; आणि तेथील रहिवासी संगणकाचे सुटे भाग पाहावयास ज्या मढातालच्या जयंती कॉम्प्लेक्समध्ये जातात, त्या भागाच्या नावातही तलाव आहेच. १८१७ पर्यंत हे शहर नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते व मराठी कुटुंबे येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. अशा एखाद्या घरातील मुलाने बारावीची परीक्षा आटोपल्यावर खेळांसाठी संगणक मागितला आणि वडिलांनी त्याकरिता मोजकी रक्कम बाजूला काढली, तर ती कोणत्या भागावर किती खर्च करावी, हा प्रस्तुत प्रकरणाचा विषय आहे. रक्कम मोठी असेल तर निवडीतील चूक पैशाने झाकता येते. लहान रकमेत तशी सोय नसते. एक भाग चुकला की दुसरा घेण्यास पुढील वर्षाची वाट पाहावी लागते.

प्रथम, खेळ चालत असता यंत्र कोणते काम करीत असते हे समजून घेतले पाहिजे. आज सर्वसाधारण पडद्यावर आडव्या १९२० व उभ्या १०८० अशा ओळींत सुमारे २० लाख ७४ हजार बिंदू असतात. चित्र सेकंदाला साठ वेळा बदलावयाचे असेल, तर दर सेकंदास बारा कोटींहून अधिक बिंदूंचे रंग नव्याने ठरवावे लागतात. हे काम ग्राफिक्स कार्ड करते. शत्रू कोठे आहे, गोळी कोणास लागली, भिंत कोसळली की नाही, हा हिशेब प्रोसेसर करतो. दोहोंपैकी जो मागे पडेल त्याच्या वेगाने खेळ चालतो. पडदा २५६० गुणिले १४४० बिंदूंचा घेतला, तर कार्डावरील भार जवळजवळ पावणेदोन पटींनी वाढतो आणि प्रोसेसरचे काम मात्र जवळपास तेवढेच राहते. म्हणूनच निवडीस आरंभ पडद्यापासून करावा. मर्यादित रकमेत पहिला पडदाच पुरेसा होय. पडदा वगळून उरलेल्या रकमेचा तिसरा हिस्सा, किंबहुना चाळीस टक्क्यांपर्यंतचा भाग, ग्राफिक्स कार्डासाठी राखून ठेवावा आणि मग इतर भागांकडे वळावे.

प्रत्यक्षात बहुसंख्य घरांत याच्या उलट घडते. खरेदीची सुरुवात प्रोसेसरच्या नावापासून होते, आणि नाव असते ‘आय सेव्हन’. या नावाचा मोह मोठा आहे व बाजारास तो पुरता ठाऊक आहे. इंटेल कंपनीने ‘आय थ्री’, ‘आय फाइव्ह’, ‘आय सेव्हन’ ही नावे वर्षानुवर्षे चालविली. त्यामुळे २०११ सालचा प्रोसेसरही आय सेव्हन आणि त्यानंतर दहा वर्षांनी आलेलाही आय सेव्हनच. कचेऱ्यांतून काढून टाकलेल्या संगणकांतील आय सेव्हन २६०० हा प्रोसेसर नव्या कोऱ्या दिसणाऱ्या मदरबोर्डवर बसवून, काचेच्या व रंगीत दिव्यांच्या कॅबिनेटमध्ये घालून ‘गेमिंग पीसी’ म्हणून विकला जातो. त्यात चार गाभे आहेत व ते एकाच वेळी आठ कामांचे धागे चालवितात. जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या आय थ्री १२१००एफ या सर्वांत खालच्या समजल्या जाणाऱ्या श्रेणीच्या प्रोसेसरातही चार गाभे व आठ धागे आहेत. परंतु त्याचा एकेक गाभा जुन्याच्या सुमारे दुप्पट वेगाने काम करतो. श्रेणीच्या आकड्यापुढे जो दुसरा आकडा असतो, त्याचे आरंभीचे एक वा दोन अंक पिढी सांगतात : २६०० म्हणजे दुसरी पिढी, १२१०० म्हणजे बारावी. दुकानात विचारावयाचा पहिला प्रश्न हाच आहे.

या भेदाचे परिणाम केवळ वेगापुरते नाहीत. विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलची सर्वसाधारणपणे आठवी पिढी व त्यानंतरचेच प्रोसेसर येतात. व्हॅलोरंटसारखा लोकप्रिय खेळ विंडोज ११ वर यंत्रातील टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था चालू असल्याशिवाय सुरूच होत नाही. अर्थात ज्या खेळासाठी मुलाने हट्ट धरला, तोच त्या झगमगत्या पेटीत चालणार नाही, असे घडू शकते.

ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत असाच फसवा आकडा स्मृतीचा असतो. ‘चार जीबीचे कार्ड’ या वर्णनावरून काहीच कळत नाही. जीटी ७३० हे कार्ड २०१४ सालचे. त्यावर चार जीबी स्मृती बसविली तरी ती मंद गतीची असते आणि चित्र घडविणारा मूळ घटकच दुबळा असतो. मोठ्या कोठीला अरुंद दार असावे, तसा हा प्रकार आहे. २०२१ च्या ऑक्टोबरात आलेले रेडिऑन आरएक्स ६६०० हे आठ जीबीचे कार्ड मात्र वर सांगितलेल्या पडद्यासाठी बहुतेक खेळांत पुरेसे ठरते, व त्यास वीज १३२ वॅट लागते. जानेवारी २०२२ चे आरएक्स ६५०० एक्सटी त्याच घराण्यातील असून स्वस्त आहे. परंतु मदरबोर्डशी ते केवळ चार मार्गिकांनी जोडले जाते. मदरबोर्ड जुन्या तिसऱ्या पिढीच्या जोडणीचा असेल तर या कार्डाची गती अनेक खेळांत स्पष्टपणे घटते. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाने आपली पद्धत बदलली, तेव्हा त्याच्या कामी रात्रंदिवस राबलेली असंख्य कार्डे जुन्या बाजारात आली. ती सर्वच निकामी आहेत असे नाही. तथापि पंखा वाजत नाही ना, आणि तासभर खेळ चालविल्यावर चित्र फुटत नाही ना, हे पाहिल्याखेरीज पैसे देऊ नयेत.

रक्कम कार्डापर्यंत पोहोचतच नसेल, तर एक दुसरा मार्ग आहे आणि तो फारसा सुचविला जात नाही. रायझन ५ ५६००जी यासारख्या प्रोसेसरात चित्र घडविणारा घटक अंगभूतच असतो. हलके खेळ त्यावर समाधानकारक चालतात, अभ्यासही होतो, आणि वर्षभराने पैसे साठल्यावर कार्ड बसविता येते. याउलट इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ हे अक्षर आहे, त्यात हा घटक नसतो. कार्डावाचून पडद्यावर काहीही उमटत नाही. हप्त्याहप्त्याने यंत्र उभारणाऱ्याने हे एक अक्षर विसरू नये.

स्मृतीबद्दल थोडक्यात सांगता येईल. सोळा जीबी घ्यावी, आणि ती आठ-आठच्या दोन पट्ट्यांत घ्यावी; दोन पट्ट्यांमुळे प्रोसेसरला माहिती दोन वाटांनी मिळते, आणि अंगभूत चित्रघटक असलेल्या यंत्रात तर हा लाभ डोळ्यांना दिसण्याइतका असतो. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडून मागणी वाढल्याने स्मृतीचे भाव एकाएकी चढले. तेव्हा मागील वर्षीच्या अंदाजपत्रकावर विसंबून घराबाहेर पडू नये. साठवणुकीस फिरत्या तबकडीऐवजी एसएसडी असावी, याबद्दल आता मतभेद उरलेला नाही.

ज्या भागाविषयी सर्वांत कमी बोलले जाते तो म्हणजे वीज पुरविणारा एसएमपीएस. तो अनेकदा कॅबिनेटसोबत ‘फुकट’ येतो. त्यावर ५०० वॅट असे छापलेले असते. परंतु प्रोसेसर व कार्ड यांना जी वीज लागते ती १२ व्होल्टच्या वाहिनीवरून, आणि त्या वाहिनीवर खरोखर किती वीज मिळते हे पेटीच्या बाजूवरील तक्त्यात बारीक अक्षरांत दिलेले असते. अँपिअरच्या आकड्यास बाराने गुणले की वॅट मिळतात. आरएक्स ६६०० ला १३२ वॅट, आय थ्री १२१००एफ ला पूर्ण भारावर ८९ वॅट, आणि मदरबोर्ड, स्मृती, पंखे मिळून पन्नासेक, अशी बेरीज २७० वॅटच्या आसपास जाते. या कार्डासाठी किमान ४५० वॅटचा एसएमपीएस सांगितला जातो, तो याच कारणाने. नामांकित कंपनीचा, ‘८० प्लस’ प्रमाणित आणि काही वर्षांची हमी असलेला एसएमपीएस घेण्यासाठी प्रोसेसर एक पायरी खाली आणावा लागला तरी आणावा. हलका एसएमपीएस जळताना पुष्कळदा एकटा जळत नाही.

घरात येणाऱ्या विजेचाही येथे विचार करावा लागतो. पावसाळ्यात वीज जाणे-येणे चालूच असते, आणि म्हणून यूपीएस घेतला जातो. बाजारात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॅटच्या आसपासच भार पेलतो. २७० वॅटच्या यंत्रास भिंतीतून, एसएमपीएसमधील घट धरून, ३१५ वॅट लागतात. पडद्याचे २५ मिळविले की तो यूपीएस काठावर येतो आणि ऐन खेळात मान टाकतो. अशा यंत्रास १००० व्हीएचा यूपीएस योग्य होय. भिंतीतील अर्थिंग खरे आहे की नाही, हे वायरमनकडून एकदा तपासून घेण्याचा खर्च तर नगण्य आहे. रोज तीन तास खेळ चालला तर दिवसाला एक युनिट, म्हणजे महिन्याला तीसेक युनिट वाढतात. मध्य प्रदेशात मासिक १५० युनिटांपर्यंत वापर असणाऱ्या घरांना अटल गृहज्योती योजनेची सवलत मिळते. आजवर त्या मर्यादेच्या आत राहिलेले घर या तीस युनिटांनी बाहेर जाणार असेल, तर वडिलांनी हा हिशेब खरेदीपूर्वीच मांडलेला बरा.

जबलपुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. कॅबिनेटमधील पंखे भागांना खोलीतील हवेपेक्षा थंड करू शकत नाहीत. खोली चाळीस अंशांवर असेल तर मोजणी तेथूनच सुरू होते, आणि ठरावीक तापमानानंतर प्रोसेसर व कार्ड स्वतःहून वेग कमी करतात. समोर बंद काच असलेले कॅबिनेट दिसावयास देखणे. पण हवा आत येणार कोठून? समोर जाळी, आत हवा ओढणारे दोन पंखे व मागे बाहेर टाकणारा एक, एवढी व्यवस्था पुरते. जाळीवरील धूळ महिन्यातून एकदा ब्रशाने काढावी.

खरेदी करताना प्रत्येक भागाचा अनुक्रमांक नोंदविलेले जीएसटीचे पक्के बिल घ्यावे. १८ टक्के कर वाचविण्यासाठी कच्च्या चिठ्ठीवर माल घेण्याचा सल्ला दुकानाबाहेर पुष्कळ जण देतात. परंतु तीन वर्षांची हमी त्या बिलावर उभी असते. भाग बिघडल्यास तो जबलपुरातच स्वीकारला जाईल की इंदूर वा नागपूरला पाठवावा लागेल, हेही तेव्हाच विचारून घ्यावे. जुळणी दुकानातच समोर बसून करवून घ्यावी, तासभर खेळ चालवून तापमान पाहावे, आणि रिकामी खोकी हमी संपेपर्यंत माळ्यावर, पावसाच्या ओलीपासून दूर ठेवावीत.